मागली

माझ्या बापाला गुरं किती असं विचारलं, की तो नेहमी एक कमी सांगायचा.

त्याला मोजता येत नव्हतं असं मुळीच नाही. डोंगरावर पांगलेल्या गुरांतलं एखादं वासरू मागे राहिलं, तर ते त्याला पाठमोरं बसूनही कळायचं. पण पशुगणनेचा माणूस दारात आला, लस टोचायला डॉक्टर आला, किंवा लांबच्या पाहुण्याने नुसतं गप्पांच्या ओघात विचारलं, की बा खांद्यावरचा टॉवेल सारखा करायचा आणि एक कमी आकडा सांगून मोकळा व्हायचा. गोठ्यात तेवीस असली तर बावीस. एकदा मी शहाणपणा करून मध्येच बोलले, "बा, तेवीस हायेत की!" पाहुणा गेल्यावर आईने माझा कान असा पिळला की दोन दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही.

ती न सांगितलेली एक म्हणजे मागली.

आमच्या कौलदऱ्यात आणि आसपासच्या वाड्यांत घरटी एक मागली असायची. घरातली सगळ्यात चांगली गाय ती मागली. तिला प्रदर्शनात न्यायचं नाही, बाजाराला दाखवायचं नाही, परक्यासमोर तिचं नावही काढायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते. मागे ठेवायची म्हणून मागली. ती थकली की तिची थोरली कालवड मागली व्हायची. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला मात्र तिचीही शिंगं गेरूने रंगवून तिला वाघोबाच्या शिळेपुढे उभं करायचे. आमच्या लोकांना वाघाची भीती नव्हती, माणसाच्या डोळ्यांची होती.

मी आठ वर्षांची असताना गणनेची माणसं आली, तेव्हा मागलीला घेऊन करवीच्या झुडपांच्या जाळीत बसायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या गळ्यातल्या घंटेचा लोलक मी मुठीत घट्ट धरला होता. ती माझे केस चाटत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. वरून पाऊस धो धो पडत होता. तिच्या अंगावरून पाणी निथळून जात होतं आणि मानेला हात लावला की बोटांना तेलकट लागत होतं.

हे मी आधीच सांगून टाकते. कारण नंतर मला पुष्कळ लोकांनी सहानुभूतीने म्हटलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळणार होतं?" मला कळणार होतं. कौलदऱ्यातल्या कुठल्याही पोराला कळलं असतं.

*

मी शिकले, पशुवैद्य झाले, पुढे जनुकशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आमच्याच तालुक्यात उघडलेल्या डांगी संवर्धन केंद्रात रुजू झाले. बा सगळ्यांना सांगायचा, "आमची मंजुळा गुरांची डॉक्टर हाये, पण ती सुई टोचत नाय. ती नुसती वाचते." ही व्याख्या माझ्या प्रबंधापेक्षा चांगली होती.

डांगी ही अतिपावसाची गाय. जिथे बाहेरून आणलेली जनावरं एका आषाढात खुरं कुजून बसतात, तिथे ती चार महिने उघड्यावर चरते. तिच्या कातडीतल्या ग्रंथी एक तेल सोडतात, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. खुरं काळी आणि टणक. पण मी केंद्रात आले तोवर संकर इतका झाला होता की नुसत्या डोळ्यांनी अस्सल डांगी ओळखणं अवघड झालं होतं. रंग डांगीचा, शिंगं डांगीची, आणि पहिल्याच पावसाळ्यात न्यूमोनिया. म्हणून मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी एक यंत्र बनवलं. त्याचं नाव 'पारख'.

ते समजायला सोपं आहे. प्रत्येक जनावराच्या पेशीत सुमारे दोनशे सत्तर कोटी अक्षरांची एक पोथी असते. सगळ्या गाईंची पोथी जवळजवळ सारखीच असते, पण काही ठिकाणी अक्षरं वेगळी पडतात. अशी पन्नास हजार ठिकाणं आम्ही निवडली. आधी यंत्राला खात्रीच्या डांगी गाई दाखवायच्या. कुठल्या ठिकाणी कुठलं अक्षर डांगीत जास्त आढळतं, हे ते त्यावरून शिकतं. मग नव्या गाईच्या शेपटीचे मुळासकट तीन केस यंत्रात टाकायचे. अकरा मिनिटांत पडद्यावर आकडा येतो, ही गाय किती टक्के डांगी. यंत्राला डांगी म्हणजे काय हे आपणहून कळत नाही. तुम्ही जे दाखवाल त्यालाच ते डांगी समजतं.

हे शेवटचं वाक्य मी कमीत कमी चाळीस भाषणांत म्हटलं आहे. लोक मान डोलवायचे आणि मीही डोलवायचे.

यंत्राला दाखवायला आम्ही तीन वर्षं प्रदर्शनांतून आणि शिबिरांतून चारशे बारा जनावरं गोळा केली. "तुमच्याकडची उत्तमातली उत्तम आणा," असं आम्ही दवंडी पिटल्यासारखं सगळीकडे सांगितलं होतं. लोकांनी आणलीही. खोबरेल चोळून चकचकीत केलेली, कपाळावर गोंडे बांधलेली. दिवसभर केस उपटून माझ्या हातांना खोबरेलाचा वास यायचा. बा सुद्धा सहा गाई घेऊन आला होता. मी माझ्या हाताने त्यांचे केस घेतले. अर्जात एक रकाना होता, घरातली एकूण जनावरं. मी अगदी सरकारी आवाजात विचारलं, "एकूण किती?"

"बावीस," बा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोंगराकडे पाहत होता. मला हसू आलं आणि मी बावीस लिहिलं. आमच्या दोघांतली ती एक गंमत आहे असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी फार खुशीत होते.

*

पारख इतकं गाजलं की त्यावरून धोरण ठरलं. पंचाऐंशी टक्क्यांच्या वर असलेल्या जनावराच्या कानात सोनेरी बिल्ला. त्यालाच जंगलात चराईचा पास आणि त्याचीच पैदास पुढे वाढवायची. सत्तरच्या खाली लाल बिल्ला. लाल बिल्ल्याचे गोऱ्हे खच्ची करायचे आणि गाई खालच्या मुलखातल्या संगोपनगृहात पाठवायच्या, म्हणजे डोंगरात पुन्हा भेसळ नको. बिल्ल्याशिवाय एकही जनावर चालणार नव्हतं, कारण आता ड्रोन वरून अंगाच्या उबेवर गुरं मोजत होते. करवीची जाळी कामाची राहिली नव्हती.

तरीही लोक मागल्या बाहेर काढेनात. मग मी स्वतः वाडीवाडीवर गेले. माझ्यासारखं त्यांच्याशी बोलणारं केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. ओट्यावर बसून, चहा पिऊन मी सांगायचे, "आता लपवू नका. आता दृष्ट लागत नाय. तुमची मागली पास झाली की तिचाच वंश साऱ्या डोंगरात वाढंल. मी परकी हाये का? चिंधू धिंदळ्याची पोर हाये मी."

चिंधू धिंदळ्याची पोर म्हटल्यावर लोक विरघळायचे.

सुरुवात मी आमच्याच गोठ्यापासून केली. बावीस जनावरांची तपासणी आधीच झाली होती, सगळी अठ्ठ्याऐंशी-नव्वद, सगळ्यांना सोनेरी बिल्ले. मग बा मागलीला घेऊन अंगणात आला. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, अशा गाईला आमच्याकडे पारी म्हणतात. मागून तिची दोन वर्षांची कालवड. माझ्याबरोबर जावेद पठाण होता, केंद्रातला माझा सहायक, उदगीरकडचा, पिढ्यान् पिढ्या देवणी गाई पाळणाऱ्या घरातला. बाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाला, "हिला आजवर कोणाम्होरं उभी केली नव्हती. तुझ्याम्होरं आणलीय. केस तूच घे, दुसऱ्या कोणी नको."

मी केस घेतले. अकरा मिनिटं आम्ही चहा प्यालो. पडद्यावर आकडा आला.

"किती?" बाने विचारलं.

"एकसष्ट."

बाचं तोंड फुललं. "फस्टक्लास की गं!"

त्याच्या लेखी ते खरंच होतं. मी दहावीला एकसष्ट टक्के मिळवले तेव्हा त्याने वाडीत पेढे वाटले होते. मला त्याला समजावून सांगावं लागलं की इथे एकसष्ट म्हणजे नापास. एकसष्ट म्हणजे लाल. कालवडीचे त्रेसष्ट आले. मी पुन्हा केस घेतले, पुन्हा अकरा मिनिटं थांबलो. आकडे तेच.

"बाहेरचा वळू लागला असंल कधीतरी," मी म्हणाले.

बा ताडकन उठला. "बाहेरचा? अगं, बाकीच्यांना दवाखान्यातली नळी लावली म्या, समद्यांनी लावली. मागलीला कधीच नाय. हिला वळू मी बारा कोसांवरनं आणतो, तुझी आत्या दिली त्या घरच्या मागलीच्या पोटचा. माझा बा पण तिथनंच आणायचा."

आज ही चार वाक्यं मला पाठ आहेत. सगळं उत्तर त्यांत होतं. त्या दिवशी मला त्यांत फक्त एका म्हाताऱ्याचा हट्ट ऐकू आला.

"बा, यंत्र खोटं नाय बोलत."

त्याने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "तू म्हणतीस?"

"मी म्हणते."

"मग आसंल," तो म्हणाला.

गाडीकडे जाताना जावेद हळूच म्हणाला, "मॅडम, हिच्यापुढं आज 'तपासणी बाकी' लिहूया का? घाई कशाला?"

"माझ्या घरची म्हणून सवलत?" मी त्याच्यावर डाफरले. "उलट पहिला लाल बिल्ला हिलाच लागला पाहिजे."

आणि लागला. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते. तालुकाभर बातमी गेली की चिंधूच्या पोरीने स्वतःच्या बापाची मागली सोडली नाही, म्हणजे यंत्रात काही खोट नसणार. मग लोक आपण होऊन मागल्या दाखवायला लागले. एका पावसाळ्यात एकशे सदतीस घरांतल्या एकशे सदतीस मागल्या आणि त्यांची वासरं लाल ठरली.

जावेदने तेव्हाही तोंड उघडलं. "मॅडम, आमच्याकडं संकर शिरला की अख्ख्या गोठ्यात दिसतो. हितं घरटी एकच लाल, बाकीची सगळी सोनेरी. असं कसं?"

"त्यात काय नवल? तीच तर लपवून ठेवलेली असते. डॉक्टरला दाखवायची नाही, मग रानात कुठल्यातरी भटक्या वळूला लागते. अंधश्रद्धेचा परिणाम आहे तो."

"पण मॅडम, सगळ्यात चांगली गाय लोक भटक्या वळूला कशी लागू देतील?"

"उदगीरचं उदगीरला," मी म्हणाले.

मागली आणि कालवड ट्रकमध्ये चढल्या त्या दिवशी मी घरी नव्हते, राजधानीत माझं भाषण होतं. नंतर बाने एवढंच सांगितलं की मागली फळीवरून सरळ चढली, तिला ओढावं लागलं नाही. तिच्या गळ्यातली घंटा त्याने पट्ट्यासकट काढून खुंटीला अडकवून ठेवली होती.

*

सहा वर्षं सगळं छान चाललं. सोनेरी बिल्ल्यांची संख्या दुपटीने वाढली. माझ्या टेबलावर सन्मानचिन्हं ठेवायला जागा उरली नाही.

मग २०४२ चा पावसाळा आला. मोठा पाऊस येणार हे हवामानवाले दहा वर्षांपासून सांगत होते, त्यामुळे कोणाला धक्का वगैरे बसला नाही. त्रेसष्ट दिवस ऊन दिसलं नाही. डांगीला काय त्याचं, असं आम्ही म्हणत होतो. याच दिवसांसाठी तर आम्ही ती शुद्ध केली होती.

विसाव्या दिवशी पहिला फोन आला. गाईच्या पाठीवरचे केस पुंजक्यांनी गळताहेत, खाली कातडी लाल. तिसाव्या दिवसापर्यंत खुरं मऊ पडायला लागली. कापडी मोजे बांधून झाले, औषधं झाली. गाई चिखलात बसायच्या आणि उठायच्या नाहीत. मी वाडीवाडी फिरत होते. एका गाईच्या मानेला हात लावला आणि बोटं चोळून पाहिली, ओली होती, पण तेलकट नव्हती. दुसरीची तशीच, तिसरीचीही तशीच. एका गोठ्यात कोणीतरी गाईच्या अंगाला खोबरेल चोळत होतं. तो वास आला आणि मला शिबिरात आलेली ती चकचकीत जनावरं आठवली.

केंद्रात परत येऊन मी जुनी माहिती उघडली. प्रत्येक जनावर म्हणजे पडद्यावर एक ठिपका, नात्याने जवळची जनावरं जवळ. सोनेरी ठिपक्यांचा एक घट्ट गोळा होता. लाल ठिपके मी सहा वर्षांत नीट पाहिलेच नव्हते, नापासांचे पेपर पुन्हा कोण काढून बघतं? आता पाहिले. भटक्या वळूंचा संकर असता तर ते ठिपके चारी दिशांना विखुरले असते, कारण प्रत्येकीत बाहेरचं रक्त वेगळं. पण एकशे सदतीस मागल्या एका कोपऱ्यात दाटीने बसल्या होत्या, लग्नाला जमलेल्या भावकीसारख्या. त्या एकमेकींच्या नात्यातल्या होत्या. बारा कोसांवरचा वळू, आत्या दिलेलं घर. एका संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या डांगीच्या कातड्याची पोथी आमच्याकडे होती. मी तोही ठिपका टाकला. तो मागल्यांच्या बरोबर मधोमध जाऊन बसला.

जावेद माझ्या मागे उभा होता. "मॅडम, मग आपल्या चारशे बारा कोण?"

त्या कोण हे शोधायला तासभर पुरला. चाळीस वर्षं दवाखान्यातून कृत्रिम रेतनाच्या ज्या नळ्या आल्या, त्या प्रदर्शनात पहिले आलेल्या चार वळूंच्या होत्या. दिसायला देखणे, गोठ्यात वाढलेले, अंगचं तेल नसलेले म्हणून खोबरेल चोळलेले चार वळू. घराघरातली बाकीची सगळी गुरं हळूहळू त्या चौघांची लेकरं झाली होती. त्या गाई आमच्या शिबिरात आल्या, आणि आम्ही यंत्राला सांगितलं, ही डांगी. ज्या खरोखरच्या डांगी होत्या, त्या लोकांनी रिवाजाप्रमाणे मागे ठेवल्या होत्या. उत्तमातली उत्तम आणा असं आम्ही म्हणत होतो, आणि उत्तमातली उत्तम कोणालाच दाखवायची नसते हे अख्ख्या केंद्रात फक्त मला ठाऊक होतं. त्या रकान्यात बावीस लिहिताना मी हसले होते.

मी जावेदसमोर रडले. त्याने मला पाणी आणून दिलं. 'मी सांगितलं होतं तुम्हाला,' असं तो म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

*

अजून आशा होती. आमच्या शीतगृहात प्रत्येक तपासलेल्या जनावराचा, बिल्ला टोचताना निघालेला कानाचा तुकडा उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवलेला असतो. जिवंत पेशी मिळाली की आज तिच्यापासून अख्खी गाय उभी करता येते, दोन वर्षांचं काम. मी यादी मागवली. सोनेरीचे सगळे नमुने होते. लालचा एकही नव्हता. जागा वाचावी म्हणून सत्तर टक्क्यांखालचे नमुने नष्ट करावेत, असा नियम होता. नियमाखाली सही माझी होती.

मग मी संगोपनगृहात गेले. दोनशे किलोमीटर खाली, उन्हाच्या मुलखात. तिथल्या व्यवस्थापिका शकुंतलाबाई भल्या बाई होत्या. त्यांनी काहीही लपवलं नाही. "मॅडम, जीव लावून सांभाळली आम्ही," त्या म्हणाल्या. "पण ही पावसातली जनावरं. हितला उन्हाळा सोसंना त्यांना. अंगाचं तेल तापायचं, त्यावर धूळ बसायची, कातडीला श्वास मिळंना. पहिल्या दोन उन्हाळ्यांतच निम्म्या गेल्या."

"आणि उरलेल्या?"

"शेवटची औंदा चैत्रात गेली."

त्यांनी एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत लाल बिल्ले होते. मागलीच्या बिल्ल्याचा क्रमांक एक होता, त्यामुळे तो शोधायला वेळ लागला नाही.

घंटेच्या पट्ट्यात अडकलेले मागलीचे केस मी नंतर तपासले. त्यांतून तिची पोथी पूर्ण वाचता आली. वाळल्या केसातून पेशी जिवंत होत नाही, पण वाचता येते. कातडीचं तेल आणि खुरांचा टणकपणा एका जनुकाचं काम नाही. पोथीत तीनशे बारा ठिकाणी बारीक बारीक बदल आहेत. आजच्या तंत्राने एका गर्भात त्यांतले सात सुखरूप बसवता येतात. मी सध्या त्यावरच काम करते. माझ्या उरलेल्या नोकरीत कदाचित वीसपर्यंत पोचेन.

*

पण त्या दिवशी संगोपनगृहातून मी केंद्रात गेले नाही. तडक कौलदऱ्याला गेले. वाटेत माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती आठवून मला हुरूपही आला होता. माझा बाप नेहमी एक कमी सांगतो. आयुष्यभर त्याने सरकारला, डॉक्टरला, पाहुण्याला एक कमी सांगितली. त्याने मागली दिली, कालवड दिली, तरी मागलीचं एखादं वासरू त्याने कुठेतरी मागे ठेवलं असणार. आत्याच्या घरी असेल. एखाद्या कपारीत असेल, ड्रोनला चकवणारा माझा बाप एकटाच थोडा असेल? सगळ्या वाड्यांनी एकेक मागे ठेवली असेल.

बा गोठ्यात होता. चिखलात बसलेल्या गाईचा पाय मांडीवर घेऊन खुरात हळद-तेल भरत होता. आठ गाई तोवर मेल्या होत्या. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि त्याला सगळं सांगितलं. यंत्राचं, चार वळूंचं, डब्यातल्या बिल्ल्यांचं. मी चुकले असं तीनदा म्हणाले. तो खूर साफ करत राहिला.

"म्हंजे मागली अस्सल व्हती," तो शेवटी म्हणाला.

"व्हय. तिच्याइतकं अस्सल कोणीच नव्हतं."

"मला ठावं व्हतं ते."

"मग बा, तू बोलला का नाय?"

"बोललो व्हतो की. तू म्हणलीस यंत्र खोटं नाय बोलत."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याचा हात धरला. "बा, आता माझं ऐक. मी कोणाला सांगणार नाय. खरं सांग, एखादी मागं ठेवलीस ना? मागलीचं वासरू, कालवड, काही बी. आत्याकडं हाये का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारते आहे हे त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"तुझ्यापासनं लपवायची?" तो म्हणाला. "अगं, ते परक्यांसाठी असतं. व्हती नव्हती तेवढी समदी दाखवली तुला. तुझी आत्या बी इचारत व्हती, एक मागं ठेवू का म्हणून. म्या म्हणलं, आपली मंजुळा हाये. तिला काय लपवायचं?"

मी तिथेच शेणात बसले. त्याने हळदीचा हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो मला समजावत होता, मी लहान असताना समजवायचा तसा, आणि मला ते सहन होत नव्हतं.

पाऊस थांबल्यावर नुकसान मोजायला माणसं आली. परजिल्ह्यातली तरणी माणसं, हातात टॅब, कोणी मला ओळखत नव्हतं. बा ओट्यावर बसला होता, मी त्याच्याशेजारी.

"आजोबा, जनावरं किती उरली?"

बाने सवयीने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चौदा," तो म्हणाला.

ती माणसं गेल्यावर मी गोठ्यात गेले आणि एकेका गाईला हात लावून मोजलं. चौदाच होती.